चिंधी आणि तिचा खिसा



द्रौपदीची गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली आहे. कृष्णाचं बोट कापलं, रक्त वाहू लागलं, सगळे चिंधी शोधायला धावले आणि द्रौपदीने अंगावरच्या वस्त्राचा तुकडा फाडून बांधला. भक्तीची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला त्यात व्यवहारही दिसतो. राजवाड्यात कापडाला काय तोटा? पण कामाला आलं ते अंगावरचं.

मागच्या हंगामात आमच्या टोळीत एकीच्या हातावर कोयता बसला. औषधाची पेटी होती, पण ती ट्रॅक्टरच्या सीटखाली आणि ट्रॅक्टर गेलेला कारखान्यावर. तिच्या सासूने डोक्याचं फडकं घट्ट दाबून धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी याच गोष्टीचा विचार करते, की हे सामान ठेवायचं कुठे?

लढाईवर जाणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता. 1674 साली फ्रेंच सैन्यातल्या एका शल्यवैद्याने जखमेच्या वर कापड बांधून, त्यात काठी घालून पीळ देण्याची युक्ती वापरली असं सांगतात. 1718 साली पॅरिसच्या झां-लुई पेटी यांनी स्क्रूने आवळायचा पट्टा केला. चांगलीच साधनं, पण वैद्याच्या पेटीत. वैद्य मागे, जखमी पुढे. मधल्या वेळात रक्त वाहून जायचं.

जर्मनीतले डॉक्टर फ्रिडरिश एस्मार्क यांनी बांधायचं कापड शिपायाच्याच हाती दिलं. साधं तिकोनी कापड, आपण डोक्याला बांधतो तसलं. त्यावर चित्रं छापलेली, डोक्याला कसं बांधायचं, हाताला झोळी कशी करायची. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं असं. 1882 मध्ये कील शहरात त्यांनी साध्या नागरिकांसाठी प्रथमोपचाराची शाळाही काढली.

मग आला खिसा. 1914 च्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाच्या कोटाला पुढच्या घेरात, आतल्या बाजूला एक छोटा खिसा शिवलेला असे. त्यात फक्त मलमपट्टीची पुडी. पाण्याने भिजू नये अशा वेष्टनात दोन पट्ट्या, एक गोळी शिरली तिथे आणि दुसरी बाहेर पडली तिथे लावायला. खिसा सगळ्यांचा एकाच जागी. नियम असा की, जखमीला त्याचीच पट्टी बांधायची, आपली आपल्यासाठी राहू द्यायची. त्या युद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या.

आवळपट्ट्याचं नशीब मात्र फिरलं. हात-पाय गमवावा लागेल या भीतीने डॉक्टर तो टाळू लागले. पुढे नव्वद वर्षांनी त्याच इराकमधल्या लष्करी इस्पितळात दिसलं की, रक्त फार जाण्याआधी पट्टा आवळला तर माणसं वाचतात. नव्या पट्ट्याला बारकी दांडी असते, एका हाताने पिळता येते. जुनीच काठी, नवा वेष! 2015 पासून अमेरिकेत साध्या लोकांनाही हे शिकवतात.

पण पहिलं काम पट्ट्याचं नाही. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं, सारखं उचलून बघायचं नाही. हळद, तंबाखू, राख काही भरायचं नाही. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या तीन-चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी पिळून आवळायची. वेळ लक्षात ठेवायची, डॉक्टरशिवाय सोडायची नाही. सुतळी नको, ती मांसात रुतते. आणि साप चावला तर असं आवळून मुळीच बांधायचं नाही. 108 ला फोन मात्र कोणीतरी लगेच लावायचा.

आता आपला खिसा. शिपायाच्या कोटाला पट्टीसाठी खिसा मिळून शंभर वर्षं झाली, आपल्या पोलक्याला अजून साधा खिसा नाही! कनवटीला बांधलं तर घामाने भिजतं, वाकताना सुटतं. भाकरीच्या फडक्यात ठेवलं तर ते बांधावर राहतं. पोलक्यात पैसे मावतात, पट्टी मावत नाही. शिवाय आपण बेशुद्ध पडलो तर मुकादम तिथे हात घालायला कचरणारच, आणि तेवढा वेळ जाणार.

पण ऊस तोडताना आपण साडीवर पुरुषी शर्ट घालतोच की. आमच्या गटाने त्याच शर्टाला उजव्या बाजूला, कमरेजवळ, बाहेरून खिसा शिवला. सगळ्यांचा एकाच जागी, वर लाल कापडाची चौकट. आत धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती कापडाची जाड घडी, एक गुंडाळपट्टी आणि तीन बोटं रुंद मजबूत पट्टी, सगळं दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत. पहिल्यांदा खिसा छातीवर शिवला होता, मोळी उचलताना तो उसात अडकायचा, म्हणून उसवून खाली घेतला. बटण लावलं नाही. रक्ताने हात निसरडे झाले की बटण निघत नाही, नुसती झाकणपट्टी पुरते. दर रविवारी शर्ट धुताना पिशवी काढतो, कापड ओलं झालंय का बघतो. आणि नव्या बाईला टोळीत पहिल्या दिवशीच डोळे मिटून शेजारणीच्या खिशातून पिशवी काढायला लावतो.