दोहद, दुष्काळ आणि जन्मवजन : जुन्नर परिसराच्या निमित्ताने

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावरून जुन्नरच्या वाटेस लागले की थोड्याच वेळात शिवनेरी गाठता येतो. या किल्ल्यावर फाल्गुन वद्य 3, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. ही तिथी निश्चित करण्यासाठी आमच्या संशोधकांनी केलेले श्रम सुविदितच आहेत. 1916 साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, 1927 साली दिवेकरांनी कवींद्र परमानंदाचे शिवभारत छापून काढले, आणि तरीही वादाचा निकाल शासनदरबारी लागावयास 2001 साल उजाडावे लागले. जन्माच्या घटिकेविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या इतिहासाने त्या जन्मापूर्वीच्या नऊ महिन्यांविषयी मात्र फारसा प्रश्न विचारलेला नाही. मातेने काय खाल्ले, कोणते श्रम सोसले, कोणता आजार काढला, याविषयी साधने मौन आहेत. आणि साधने मौन असतात तेथे परंपरा बोलू लागते.

परंपरेचे हे बोलणे शिवभारताच्या सहाव्या अध्यायात पाहावयास मिळते. तेथे जिजाबाईंच्या दोहदांचे वर्णन आहे: हत्तींवर व वाघांवर आरूढ व्हावे, शुभ्र छत्राखाली सुवर्णसिंहासनावर बसावे, शस्त्रे धारण करावी, अशा इच्छा त्यांना होत. हे वर्णन प्रत्यक्षदर्शी नोंद म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. त्यामागे एक दीर्घ संकेत आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व स्त्री 'द्विहृदया' होते असे सांगून कोणत्या इच्छेवरून कसे अपत्य होईल याची यादीच दिली आहे. राजदर्शनाची इच्छा झाली तर अपत्य धनवान व भाग्यवान निपजते, असे तीत आढळते. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कल्पनेचा वारस होय. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे होतात, आणि पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून मातेने आधीच मातीत रुची धरली, अशी त्याची उपपत्ती कवी लावतो. आजचा वैद्य हाच श्लोक वाचून प्रथम त्या स्त्रीच्या रक्तातील लोह तपासावयास सांगेल! दोघेही एकच लक्षण पाहतात. एकास त्यात भविष्य दिसते, दुसऱ्यास उणीव.

कवीच्या दोहदांऐवजी त्या गर्भारपणाची ज्ञात परिस्थिती पाहिली तर चित्र निराळे दिसते. जुलै 1629 मध्ये दौलताबाद येथे लखुजी जाधवरावांची पुत्रांसह हत्या झाली. जन्मतिथीवरून मागे मोजले असता जिजाबाईंना त्या वेळी दुसरा-तिसरा महिना असावा. शहाजीराजे निजामशाहीतून बाहेर पडण्याच्या धामधुमीत होते, आणि आश्रयास नातेसंबंधातील शिवनेरीचा किल्ला निवडावा लागला. पुढे 1630 चा पाऊस गेला व दख्खन आणि गुजरात यांवर ज्ञात इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला. म्हणजे महाराजांचे गर्भवासाचे दिवस दुष्काळापूर्वीचे आणि दूधपित्या वयाचे दिवस दुष्काळातले होत. याच दुष्काळात, जून 1631 मध्ये, बुऱ्हाणपूर येथे मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात निवर्तली. तिचे नाव राहिले. जुन्नर प्रांती त्याच दोन वर्षांत ज्या कुणबिणी गर्भार होत्या त्यांचे वा त्यांच्या मुलांचे काय झाले हे कोठल्याच बखरीत नाही.

नोंद असती तर काय साधले असते, हे इंग्लंडातील एका उदाहरणावरून कळते. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून एथेल मार्गरेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखालील सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बालकाचे जन्माच्या वेळचे व वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवीत. या वह्या पुढे डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. ज्या पुरुषांचे वजन पहिल्या वर्षाअखेर कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक, असे त्यांनी 1989 साली दाखवून दिले. आपल्याकडे त्याच काळातल्या पत्रिका घरोघरी सापडतील. वजन कोणी लिहिले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा आपल्याकडील एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातच झाला. 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराजवळच्या सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी आरंभिली. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे 42 किलो होते. पूर्ण दिवसांच्या बालकांचे वजन सरासरीने सुमारे 2.7 किलो भरले. त्याच वेळी इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे 3.5 किलो होते. परंतु खरे आश्चर्य पुढेच होते. पुण्याकडच्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास कृश, पण घडणीने मेदयुक्त, असे हे शरीर. पुढील आयुष्यात त्यास भरपूर अन्न व बैठे काम मिळाले की मधुमेहाची वाट सुकर होते, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

आहाराविषयीचे त्यांचे निष्कर्ष तर रूढ समजुतीस धक्का देणारे होते. डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी 2001 साली दाखविले की मातेच्या आहारातील एकूण उष्मांक वा प्रथिने यांचा जन्मवजनाशी ठळक संबंध दिसत नाही. संबंध दिसतो तो दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या यांच्याशी, आणि पालेभाज्यांचा तर सर्वांत कृश मातांत अधिक. मेथी, चाकवत, तांदुळजा यांना आमच्या वाङ्मयात दोहदाचा मान कधी मिळाला नाही, ही गोष्ट येथे सहज लक्षात येते. याच गटाने शेतातील व घरातील श्रमही मोजले, तेव्हा जितके कष्ट अधिक तितके बाळ लहान असे आढळले. 2008 साली आणखी एक बाब पुढे आली: ज्या मातांत ब-12 जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला प्रतिरोध अधिक होता.

तेव्हा उत्तम आहार दिला की प्रश्न सुटला, असे वाटेल. तसे झाले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरसकट जन्मवजन वाढलेले दिसले नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ मिळालेल्यांत थोडी वाढ होती, तीही मुळात फार कृश नसलेल्या स्त्रियांत. अगदी कृश स्त्रियांची उणीव काही महिन्यांची नव्हतीच, तिच्या स्वतःच्या बालपणापासूनची होती, असे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नसावा.

येथे परंपरेचा व विज्ञानाचा एक विलक्षण मेळ व एक गंभीर विसंवाद दिसतो. मातेच्या देहावर जे घडते ते अपत्याच्या आयुष्यभर उरते, हे सुश्रुतासही मान्य होते. परंतु परंपरेने कारण मातेच्या इच्छेत शोधले, व म्हणून अपत्य उणे निघाले तर दोषही तिच्याच पदरी घातला. 'गर्भसंस्कारा'च्या नावाने आज शहरांत जे वर्ग चालतात त्यांतही गर्भिणीने काय वाचावे व काय ऐकावे याचाच ऊहापोह अधिक असतो. तिच्या कामाचे तास कोणी विचारीत नाही. सहा खेड्यांच्या वह्या पाहता कारणाचा मोठा भाग पाणवठ्यावर, बांधावर आणि ताटात आहे, आणि त्यांवर त्या स्त्रीची सत्ता फारशी चालत नाही.

आपल्या रूढीने या बाबतीत काहीच केले नाही असे मात्र नव्हे. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण आणि पहिल्या बाळंतपणास माहेरी जाणे या दोन चालींनी सासुरवाशिणीस गोडधोड व विसावा मिळवून दिला, आणि माहेरचा तो विसावा केवळ उपचार नव्हता. पण तो अखेरच्या तिमाहीत मिळतो. आळेफाट्याच्या परिसरात उन्हाळ कांद्याची लागण मार्गशीर्ष-पौषात चालते. रोपे वाफ्यात खोचताना दिवसभर ओणवे राहावे लागते, आणि या कामात बायकाच अधिक असतात. त्या ओळीत एखादी नवी सून दोन महिन्यांची गर्भार असते, आणि ते अद्याप घरात कोणास, कित्येकदा तिला स्वतःलाही, ठाऊक नसते.