छपरातल्या उजेडाचा हिशेब

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. घराच्या मागच्या भागावरचे कवेलू उतरवून तिथे स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदाराने जे अंदाजपत्रक दिलं त्यात एक ओळ अशी होती : 'स्कायलाइट, ३ बाय ४ फूट, जाड काच, लोखंडी चौकटीसह – रु. २८,०००.' पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, नुसत्या भोकाचे अठ्ठावीस हजार! ठेवू का काढून टाकू?" मी म्हटलं, दोन दिवस दे. पण मी वडिलांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत शिरलो आणि दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. नातेवाईक मंडळींना ते घर पाठ आहे. बाकीच्यांनी विदर्भातलं कुठलंही जुनं कवेलूचं घर डोळ्यांपुढे आणावं.

छपरातून उजेड घेणं ही काही शहरातून आलेली हौस नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, पुसद-उमरखेडकडे, मराठवाड्याला लागून जी जुनी धाब्याची घरं होती त्यांच्या छताला मुद्दाम भोक ठेवलेलं असे. कुणी त्याला साणं म्हणतं, कुणी सवणं. धाबं म्हणजे लाकडी मयालींवर बल्ल्या, त्यावर काड्या-पाला आणि वर वीतभर-हातभर पांढरी माती. असल्या घराच्या भिंती जाड. चोरांच्या भीतीने बाहेरच्या बाजूला खिडकी जवळजवळ नसायचीच. मग उजेड येणार कुठून? वरून. त्याच भोकातून चुलीचा धूर जायचा, भांडी-धान्य खाली-वर व्हायचं आणि पाऊस आला की कुणीतरी धावत जाऊन त्यावर मडकं पालथं घालायचं किंवा फरशी ओढायची. खर्च काय? पैशात शून्य. पण पावसाळ्यात रात्री-अपरात्री उठून धाब्यावर चढणारं एक माणूस घरात लागायचं. हा खर्च कुठल्याच वहीत सापडत नाही.

श्रीमंतांच्या वाड्यांत हेच भोक मोठं होऊन चौक झालं. चौक म्हणजे घराच्या ऐन मध्यावर सोडून दिलेली जागा. ज्याला एवढी जागा सोडणं परवडतं त्याचंच ते काम.

आमचं घर यातलं कुठलंच नव्हतं. ते कवेलूचं. आणि कवेलूही दोन प्रकारचे. पुढच्या ओसरीवर 'इंग्रजी' कवेलू, मागे स्वयंपाकघरावर गावठी. गावठी कवेलू कुंभार चाकावर करतो. एक नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरून त्याचे दोन अर्धे करायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे. स्वस्त आणि गावातच मिळणारे. पण ते नुसते एकमेकांवर ठेवलेले असतात. वाऱ्याने सरकतात, मांजराने सरकतात आणि वानरांची टोळी गेली की फुटतातच. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी सगळं छप्पर फेरावं लागे.

'इंग्रजी' कवेलू हे नाव आपण दिलं. खरं तर ते जर्मन-स्विस पाद्र्यांचं काम. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. त्या चपट्या, खाचा असलेल्या कौलांना बाकी देश मंगलोरी कौलं म्हणतो. ही कौलं एकमेकांत अडकतात, वजनाला हलकी पडतात आणि साच्यातली असल्याने सगळी एका मापाची. एका मापाची असल्यामुळेच त्याच मापाचं काचेचं कौल करता येतं. मातीचं एक उचलायचं, त्याच जागी काचेचं बसवायचं. सुतार नको, गवंडी नको, गळती नाही. छपरातल्या उजेडाच्या इतिहासात याहून सोयीची वस्तू मला तरी माहीत नाही.

पण असा जड माल आमच्याकडे पोचायचा कसा? मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली, तरी यवतमाळला जवळचं स्टेशन म्हणजे धामणगाव. तिथून पुढे बैलगाडी. १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी लाइन झाली, आपली शकुंतला. ती बांधली कापूस बाहेर न्यायला. पण गाडी जाते तशी येतेही. येताना रॉकेलचे डबे, पत्रे, कवेलू घेऊन यायची, असं वडील सांगत. आमच्या ओसरीचे कवेलू दारव्हा स्टेशनावरच उतरले होते म्हणे.

वडिलांच्या १९६० च्या वहीत मे महिन्यात दोन नोंदी पाठोपाठ आहेत. 'काचेचे कवेलू, नग २ – रु. ५.' खाली, 'घर फेरणे, गडी २, दिवस ३ – रु. ९.' म्हणजे गड्याची मजुरी दिवसाला दीड रुपया आणि काचेचं एक कवेलू अडीच रुपयांचं. पावणेदोन दिवसांच्या घामाइतका उजेड! पण दुसरी नोंद पाहा. ती दरवर्षी आहे, आकडा तेवढा वाढत गेलेला. काचेचा खर्च एकदाच झाला. छपराचा खर्च कधी थांबलाच नाही.

ती दोन काचेची कवेलू लागली कुठे? ओसरीवर. तिथे वडील हिशेब लिहीत, पाहुणे बसत. स्वयंपाकघरात लागली नाहीत, आणि यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. गावठी कवेलूंच्या छपरात मंगलोरी मापाचं काचेचं कौल बसतच नाही. बसवायचं तर आधी सगळं छप्पर बदला. फाटे, पट्ट्या, कवेलू, सगळं. पाच रुपयांच्या उजेडासाठी काही शेकडे रुपये. पण मागच्या भागावर गावठी आणि पुढे इंग्रजी कवेलू टाकायचे, हे ठरवताना मात्र कुणीतरी मनाशी काही ठरवलंच होतं. दिवसातले आठ-दहा तास जिथे एक माणूस डोळे चोळत काम करतं ती खोली मागची, आणि चार पाहुणे दोन घटका बसतात ती पुढची. गावातल्या सगळ्याच घरांत हेच होतं.

आईने तिच्या पुरता मार्ग काढला. एका वर्षी छप्पर फेरायला आलेल्या गड्याला तिने फुटलेल्या तसबिरीची शाबूत राहिलेली काच दिली आणि चुलीच्या बाजूला दोन ओळींच्या मध्ये सरकवायला लावली. वडील म्हणाले, गळेल. आई म्हणाली, "गयू द्या. भाकर शेकली का जयली, हे तं दिसलं पाह्यजे न मले!" ती काच गळली. आईने खाली गंज ठेवला. दोन पावसाळे ती काच टिकली, मग वानरांनी फोडली. पुढच्या वर्षी दुसरी तसबीर.

काच महाग होती ती फक्त आपल्याकडेच असं नाही. इंग्लंडात १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. त्याशिवाय काचेवर वेगळा कर होता. तो १८४५ मध्ये उठला, खिडक्यांचा कर १८५१ मध्ये. आणि त्याच १८५१ मध्ये लंडनला जोसेफ पॅक्स्टनने सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. आपल्याकडे काचेसाठी लोकांकडून एकेक पैसा गोळा झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना आला, तिथलेच प्रभाकर कंदील आमच्या घरी होते.

आणि आमचा कापूस ज्या कापडगिरण्यांत जायचा त्यांची छपरं आठवा. करवतीच्या दातांसारखी, प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच, आणि काचेचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, उजेड मात्र सारखा येतो. कापसाच्या ढिगाशेजारी दिवा लावणं म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय सूत तुटलेलं दिसायला हवं. गिरणीमालकाने उजेडाचा हिशेब नीट केला होता. कापसाला जो उजेड मिळाला तो भाकरीला मिळाला नाही, एवढंच.

मग वीज आली आणि छपरातला उजेड हा विषयच संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढे वानरांना कंटाळून लोकांनी कवेलू उतरवले आणि पत्रे टाकले. पत्रा फेरावा लागत नाही. पण कवेलूंच्या फटींतून येणारे कवडसे गेले. (१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात बाहेर बघायची बंदी होती, तेव्हा ओसरीतल्या जमिनीवर प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झालेली मी मुलांना दाखवली होती. विज्ञानाचा तसा तास पुन्हा जमला नाही.) पत्र्याच्या घरात दुपारी बाराला दिवा लावायची पाळी आली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर तो दिवाही नसायचा.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. शिक्षकाची खोड, आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मंगलोरी कौलाचं उघडं क्षेत्र जेमतेम पाऊण चौरस फूट. मे महिन्याच्या भर दुपारी त्यातून साधारण पन्नास-साठ वॅट उष्णता आत येते. उजेड मात्र साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा धरला तर सहा-सात दिव्यांइतका. धूळ-काजळी वजा केली तरी तीन दिवे कुठे गेले नाहीत. म्हणजे छोट्या काचेचा सौदा फायद्याचा. पण ठेकेदाराची ३ बाय ४ ची काच घ्या. बारा चौरस फुटांतून आठशे-साडेआठशे वॅट! दुपारभर घरात इस्त्री तापवत ठेवल्यासारखं. आणि यवतमाळात २१-२२ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पुन्हा तसाच २१-२२ जुलैच्या आसपास. सपाट स्लॅबवरची आडवी काच त्या दिवसांत काय करील ते सांगायला नको. असली काच चित्रात जिथे दिसते तिथे बर्फ पडतो.

म्हणून पुतण्याला सांगितलं, अठ्ठावीस हजारांची ओळ खोड, पण भोक खोडू नकोस. स्लॅब टाकतानाच नऊ-नऊ इंचांची तीन भोकं ठेव. दोन स्वयंपाकघरात, एक मधल्या अंधाऱ्या बोळीत. भोवती सहा इंचांचा कठडा, म्हणजे पाणी तुंबलं तरी आत येणार नाही. वर जाड काच, कडेने नीट भरलेली. यवतमाळच्या दुकानदाराच्या बोलण्यावरून सगळं पाच-सहा हजारांत बसतं. हेच भोक दोन वर्षांनी आठवलं तर स्लॅब फोडावा लागतो, सळई तुटते, आणि मग ती जागा गळतच राहते. वर्षातून दोनदा काच पुसायला वर चढायचं हा खर्च मात्र धाब्याच्या काळापासून चालत आलेला आहे, तो चुकत नाही. सूनबाईंचा पुतण्याच्या आधी निरोप आला की दोन नाही, तीनही स्वयंपाकघरातच हवीत. बोळीत बल्ब चालेल म्हणाल्या.

माझ्या मनात मात्र घरकुलं घोळत राहिली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात घराला एक लाख वीस हजार मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. कोलामांसारख्या जमातींसाठी २०२३ च्या जनमन योजनेत दोन लाख. केळापूर, झरी, मारेगावकडच्या पोडांवर अशी घरं होत आहेत. एवढ्या पैशात भिंती-छप्परच ओढून-ताणून होतात, उजेडाला काय उरणार? पण पत्र्यांचं छप्पर असेल तर एका पत्र्याच्या जागी फायबरचा अर्धपारदर्शक पत्रा टाकला तरी काम होतं, आणि तो उत्तरेच्या उतारावर टाकला तर उन्हाचा त्रासही कमी. त्याहून स्वस्त उपाय ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ मध्ये काढला. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच घालायचं, पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धी वर अर्धी खाली अशी बसवायची. दिवसा चाळीस-साठ वॅटच्या दिव्याएवढा उजेड पडतो. फिलिपाइन्समध्ये २०११ पासून तो पुष्कळ घरांत पोचला. आईची तसबिरीची काच काय निराळी होती?

पुसद-उमरखेडकडच्या मंडळींना एक विनंती. कुणाच्या जुन्या घरात धाब्याचं साणं अजून शाबूत असेल, विशेषतः त्यावरचं दगडी किंवा मातीचं झाकण, तर फोटो काढून पाठवा. आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात तेही कळवा.