कातडीची साक्ष

आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीत एक मावशी घरातच पाळणाघर चालवतात. मागच्या वर्षी तिथल्या एका सात महिन्यांच्या बाळाच्या कमरेखाली त्याच्या काकांना निळसर राखाडी डाग दिसला. "मारलंय बाळाला!" झालं, संध्याकाळपर्यंत पोलिसांत जायची भाषा सुरू. डाग जन्मापासूनचा की नवा, हे त्या गोंधळात आईलाही छातीठोक सांगता येईना. सुदैवाने कुणीतरी म्हणालं, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं, ही जन्मखूण आहे. आपल्याकडे कितीतरी बाळांना असते, काही वर्षांत आपोआप जाते. मुका मार लागला तर चार दिवसांत रंग बदलतो, हिरवट होतो, पिवळा पडतो; हा डाग आहे तसाच राहील. राहिलाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले.

पहिली गंमत बिब्ब्याची. पूर्वी धोबी कपड्यांवर ज्याने खुणा करायचे तोच हा बिब्बा. त्याचं तेल अंगाला लावलं की कातडी काळीनिळी पडते, अगदी मार खाल्ल्यासारखी. शत्रूवर खोटी फिर्याद ठोकायला लोक हा उद्योग करत. जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यकाचं पुस्तक १९२० साली निघालं, आजही वकिलांच्या कपाटात असतं. अशा बनावट जखमा ओळखणं हा आपल्याकडच्या न्यायवैद्यकातला जुना धडा. बिब्बा उतला की खाज सुटते, कडेला बारीक फोड येतात, खाजवणाऱ्या बोटांवरही डाग उमटतात. आणि जखम नेमकी स्वतःचा हात पोचेल तिथेच असते! मुक्या माराला फोड येत नाहीत.

ही झाली खोटं बोलणारी कातडी. गप्प बसलेल्या कातडीचं काय होतं, ते आपल्याच राज्यात घडलं.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाची मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय १४ ते १६. आत्याचारासाठी नव्हे, भावाने दिलेल्या तक्रारीवर जबाब द्यायला ती ठाण्यात आली होती. जबाब झाल्यावर दोन पोलिसांनी तिला थांबवून घेतलं. डॉक्टरांनी तिला तपासलं ते दुसऱ्या दिवशी रात्री आठला. अहवालात लिहिलं गेलं की अंगावर जखम नाही.

सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं ते म्हणालं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. एक मोठं कारण तेच, अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार केल्याचं तिचं म्हणणं खोटं.

इथे मला त्या डॉक्टरीणबाई आठवतात. घट्ट धरून ठेवलेल्या मनगटावरची लाली काही तासांत उतरते. खोलवरचा मार कधी दोन दिवसांनी वर दिसतो. गोऱ्या कातडीवर दिसणारा वळ सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. तोच वळ जांभळ्या प्रकाशात, पिवळ्या काचेतून पाहिला तर दिसू शकतो, हे अमेरिकेतल्या परिचारिकांनी अलीकडे मोजून दाखवलंय. आणि जिथे वर्दीच्या धाकाने माणूस गोठतो तिथे वळ उठणार तरी कुठून? 'जखम दिसली नाही' आणि 'जबरदस्ती झाली नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ती एक झाली.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने ते धरून चालायचं. अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र २०१३ उजाडलं. एकेचाळीस वर्षं. मथुराच्या निकालात काही बदललं नाही ते नाहीच.

आमच्या शेजारच्या घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने पालिकेबरोबर डॉक्टरांना अशी तपासणी कशी करावी हे शिकवायचं काम केलं. जखम सापडली नाही, तर ती का सापडली नसेल, किती तास उलटले, आंघोळ झाली होती का, धमकी होती का, हेही अहवालात लिहायचं. अजून किती ठिकाणी नुसतं 'जखम नाही' एवढंच लिहून कागद पुढे जातो, कुणास ठाऊक.

मावशींचं पाळणाघर चालू आहे. आता नवीन बाळ आलं की त्या आईला समोर बसवून अंगावरचे तीळ, डाग, खुणा वहीत लिहून घेतात आणि खाली तिची सही घेतात.