आईच्या पेटीतल्या बिया

माझ्या आईकडे एक पत्र्याची पेटी आहे. हिरवा रंग उडालेली, कडी वाकलेली. तिच्यात चिंचोके आहेत, रिठे आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, बाटल्यांची झाकणं, काड्यापेटीचे डबे, दोऱ्याची रिकामी रिळं आणि जुन्या साड्यांचे तुकडे आहेत. लहानपणी मला त्या पेटीची लाज वाटायची. मैत्रिणींच्या आया शिवणकाम करायच्या, शेतात जायच्या, कुणाची आई शाळेत शिक्षिका होती. माझी आई भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. म्हणजे गावाच्या भाषेत ‘खिचडीवाली बाई’.

मागच्या पोळ्याला मी नागपूरहून गावी गेले, तेव्हा माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या डायरीत त्याच्या शाळेनं लिहिलेला एक शेरा सोबत होता : पेन्सिल नीट धरत नाही, घरी सराव घ्या. आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास सराव घ्यायचो. तो रडायचा, मी ओरडायचे. आईनं डायरी वाचली, त्याची बोटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “लेकराच्या बोटाले आधी ताकद येऊ दे, मंग पेन्सिल दे. काहून घाई करतेस?”

मग तिनं पेटी उघडली.

मी इतिहास शिकलेली आहे. पण ती पेटी कुठून आली, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. त्या रात्रीपासून मी तिचा माग काढत गेले. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

रोममधली चाळ

6 जानेवारी 1907. रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत एका इमारतीच्या खोलीत लहान मुलांसाठी एक घर सुरू झालं. कारण फार उदात्त नव्हतं. आईबाप दिवसभर कामावर जायचे, मागे राहिलेली पोरं जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करायची. इमारतींच्या मालक संस्थेला त्यांना कुणीतरी सांभाळायला हवं होतं. हे काम मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंकडे आलं.

माँटेसरींनी त्याआधी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसोबत काम केलं होतं. ज्यांना काही शिकवता येणार नाही असं जग मानत होतं, ती मुलं हातात वस्तू दिल्यावर शिकत होती. तीच साधनं त्यांनी सान लोरेन्झोच्या मुलांना दिली : खाचेत बसणारे लाकडी दट्टे, कमीजास्त लांबीच्या दांड्या, खरखरीत कागदाची अक्षरं. मुलं दट्ट्याची बारीक मूठ तीन बोटांनी उचलत. पुढे पेन्सिल धरायची तीच तीन बोटं.

आज ‘माँटेसरी’ हा शब्द आपण शाळेच्या फ्लेक्सवर वाचतो, तेव्हा फी आठवते. पण या पद्धतीचा जन्म गरिबांच्या चाळीत झाला. पेटीचा माग काढताना मला सापडलेली ही पहिली गोष्ट.

वकील, प्राचार्य आणि महागडं लाकूड

भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली करत होते. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या विचारातून ते माँटेसरींच्या लेखनापर्यंत पोचले आणि वकिली मागे पडली. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. माँटेसरी स्वतः भारतात आल्या 1939 मध्ये. तोवर हे बालमंदिर एकोणीस वर्षांचं झालं होतं.

याच बालमंदिरात ताराबाई मोडक आल्या. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, लग्न होऊन अमरावतीत राहिलेल्या. ही गोष्ट मला विदर्भातली म्हणून विशेष वाटते. लग्न टिकलं नाही. त्या राजकोटला महिलांच्या अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. मोठं पद, चांगला पगार. ते सोडून त्या भावनगरला गेल्या. 1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

अडचण एकच होती. साधनं महाग होती. सुबक लाकूड, नेमकी मापं. शहरातल्या सुखवस्तू घरांना हे परवडायचं. 1931 साली लंडनमध्ये गांधीजी माँटेसरींना भेटले, तेव्हा त्यांनीही नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. असं शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे, तर अगदी कंगालांच्या मुलांनाही मिळावं, अशी आशा त्यांनी तिथल्या भाषणात बोलून दाखवली होती. चाळीतून निघालेली पद्धत पंचवीस वर्षांत चाळीला महाग झाली होती.

शिंपले आणि अंगण

1945 साली ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि त्यांना सहकारी मिळाल्या अनुताई वाघ. अनुताई 1910 साली मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. ज्या काळात अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचं, त्या काळात त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोर्डीला गेल्या त्या कायमच्याच. 1992 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी हेच काम केलं.

बोर्डी समुद्रकाठचं गाव. या दोघींनी लाकडी साधनांऐवजी आजूबाजूला पाहिलं. शिंपले, खडे, पानं, बिया, बांबू. आकारानं लावायचं? खडे लावा. रंग ओळखायचे? फुलं आणा. मोजायचं? शिंपले मोजा. माँटेसरींचं तत्त्व तेच राहिलं, सामान मात्र फुकट झालं.

पण सामान फुकट झालं तरी मुलं येत नव्हती. वस्तीवरची मुलं घरी धाकट्या भावंडांना सांभाळायची. तेव्हा या बायांनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडी त्याच्या अंगणात जाईल. म्हणून ‘अंगणवाडी’. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. जिथे गुरं, तिथे शाळा. धाकट्याला सांभाळणारी बहीणही शिकावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्राचं नाव देशभर झालं ‘अंगणवाडी’. ज्या शब्दाला गावोगाव खिचडीचा वास येतो, तो शब्द दोन बायांनी एक अवघड प्रश्न सोडवताना घडवला होता.

बोडीची माती

आई 1990 मध्ये सेविका झाली. दहावी पास, दोन लेकरांची आई. प्रशिक्षणात त्यांना टाकाऊ वस्तूंपासून साधनं करायला शिकवलं. समुद्र आमच्याकडे नाही. पण भंडारा म्हणजे धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा. आईनं शिंपल्यांच्या जागी चिंचोके घेतले. शेतातल्या बोडीची चिकणमाती आणली आणि पोळ्याच्या आधी मुलांकडून बैल करून घेऊ लागली. एका टोपल्यात धान, एकात लाखोळी, एकात चणे. मिसळायचे आणि वेगळे करायचे.

“यात काय शिकतात पोट्टे?” असं सरपंचांनी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा तिला सांगता आलं नाही. या खेपेला तिनं मला सांगितलं. बी चिमटीत उचललं की अंगठा आणि दोन बोटं तयार होतात. धान आणि चणे वेगळे करताना मूल ‘सारखं’ आणि ‘वेगळं’ शिकतं, गणित तिथूनच सुरू होतं. उंच पेल्यातलं पाणी पसरट वाटीत ओतलं की पाणी तेवढंच राहतं, हे चार वर्षांच्या मुलाला पटत नाही. ते सांगून पटत नाही, ओतूनच हळूहळू कळतं. मातीचा गोळा मळताना मनगट पक्कं होतं. अक्षर नंतर येतं.

तिचे नियम कडक आहेत. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी पेटीत नाहीत, कारण त्या विषारी. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात बारीक बी नाही. ते नाकात जातं, घशात जातं. आणि बिया मोजून द्यायच्या, मोजूनच परत घ्यायच्या. मोजून घेण्यात पोरांचं मोजणंही होतं.

आमच्याकडे हे सगळं कुणी शिक्षण म्हणत नसतानाही चालू होतं, हे मला उशिरा कळलं. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत लेकरं घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. त्या एका सकाळी मूल दोरी ओढतं, वळण घेतं, रांगेत थांबतं, अनोळखी काकूंशी बोलतं, मिळालेले पैसे मोजतं.

पिवळी व्हॅन

आता अवघड भाग. आईच्या अंगणवाडीच्या पटावर एके काळी चाळीस मुलं होती. आता निम्मी. सकाळी आठला गावात पिवळी व्हॅन येते आणि तीन वर्षांची मुलं टाय लावून, दप्तर घेऊन तालुक्याला जातात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, मीही तेच केलं. वहीत लिहिलेलं ‘ए’ दिसतं. चिमटीत आलेली ताकद दिसत नाही. आणि ज्यांच्या मागच्या पिढ्यांना वही नाकारली गेली, त्यांना मुलाच्या हातात वही हवी असणं यात चूक काय?

दुसरंही कारण आहे. ज्या बाईला सरकार इतकी वर्षं पगाराऐवजी मानधन देतं, तिचं काम शिक्षण आहे यावर गाव कसा विश्वास ठेवेल? सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते एप्रिल 2022 मध्ये. योजना तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती.

गंमत अशी, की चाक पुन्हा फिरलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. फेब्रुवारी 2023 मध्ये एनसीईआरटीनं खेळणी, बाहुल्या, कोडी असलेली ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी काढली. मी आईला मोबाईलवर तिचे फोटो दाखवले. तिनं झूम करून पाहिलं आणि म्हणाली, “चांगली आहे. पन माती नाही दिसत यात.”

रोमच्या चाळीतून निघालेली गोष्ट महाग झाली, बोर्डीत स्वस्त झाली, आमच्या गावात खिचडीखाली झाकली गेली आणि आता शहरातल्या ॲपवर ‘सेन्सरी प्ले किट’ म्हणून परत विकायला आली. दर वेळी तिला स्वस्त करून गरिबाच्या अंगणात नेलं ते कुणीतरी बायांनी. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. त्यांची नावं आपल्याला सापडतात. बाकीच्या लाखो सेविकांची नावं हजेरीपटावर सहीपुरती आहेत.

तान्ह्या पोळ्यापर्यंत आम्ही गावी राहिलो. मुलाचा सराव मी बंद केला होता. त्यानं बोडीच्या मातीचा बैल केला. एक शिंग मोठं, एक लहान, पाय तीनच. आजीनं चौथा पाय लावून दिला नाही. “उभा राहते का पाय,” एवढंच म्हणाली. बैल पडला. त्यानं पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मग बराच वेळ विचार करून त्यानं चौथा पाय लावला.

आई पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. नवीन सेविकेला पेटी देणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बिया देईन, पण पेटी रिकामीच देईन. तिनं आपल्या लेकरांसोबत नव्यानं गोळा करायला हव्यात.

आमच्या फ्लॅटमध्ये आता बुटांचा एक खोका आहे. त्यात सतरा चिंचोके आहेत. रोज रात्री मोजून ठेवतो.