पेटी विकावी, दप्तर राखावे

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरचा जुना संगणक खाली आला. १९९९ साली चाळीस हजारांवर रुपये मोजून घेतलेला. तेव्हा त्याच्यावर मखमली आच्छादन असे आणि पोरांना हात धुतल्याशिवाय त्याच्याजवळ फिरकायची परवानगी नसे. आता दारात भंगारवाला उभा होता. त्याने पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "काका, साडेतीनशे देतो. काचेच्या मॉनिटरचे मात्र काही नाही. तो नेतो, हेच समजा."

घरातून आवाज आला, "अहो, देऊन टाका. किती वर्षे जागा अडवायची त्याने?"

व्यवहार सरळ होता. तरी माझा हात अडला. आमचे अण्णा निवृत्त शिक्षक होते आणि मोडी वाचणारे होते. घरच्या रुमालातले जुने कागद त्यांनी तीन वर्षे बसून बाळबोधीत उतरवले आणि याच संगणकावर एका बोटाने टंकले. अण्णा गेले. मोडी वाचणारे घरात आता कोणी नाही. त्यामुळे साडेतीनशे रुपयांच्या त्या पेटीत नक्की काय विकले जाणार होते, हे मलाच ठाऊक नव्हते.

जुना संगणक ठेवावा की विकावा, हा प्रश्न वाटतो घरगुती. पण तो संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांनी उभारलेला 'एडसॅक' हा संगणक १९४९ साली चालू झाला. त्यावर शास्त्रज्ञांच्या एका पिढीने गणिते सोडवली. १९५८ साली त्याच्या जागी नवे यंत्र आले आणि एडसॅक मोडीत निघाला. पुढे अर्ध्या शतकानंतर त्याची प्रतिकृती उभारायचे ठरले, तेव्हा अभ्यासकांना जुनी छायाचित्रे आणि हाती लागले तेवढे आराखडे यांवर भागवावे लागले.

त्याच इंग्लंडात हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली दुसरा एक संगणक चालू झाला होता. वजन अडीच टन, चाल अगदी संथ. १९५७ साली त्याचे काम संपले. मात्र त्याला मोडीत न काढता महाविद्यालयांसाठी एक स्पर्धा ठेवली गेली. या यंत्राचा उत्तम उपयोग कोण करील त्याने ते न्यावे! वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाने ते जिंकले आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. पुढे ते संग्रहालयात गेले, तिथून गोदामात पडले, पुन्हा सापडले आणि २०१२ साली दुरुस्त होऊन चालू झाले. मूळ स्वरूपात चालणारा जगातला सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून आज त्याची ओळख आहे. कामातून गेला म्हणून तो टाकला गेला नाही. तो कामाच्या माणसाला दिला गेला, म्हणून वाचला.

वापरलेला संगणक आपल्या देशालाही नवा नाही. १९६०च्या दशकात परदेशात वापरून झालेली आयबीएम कंपनीची '१४०१' यंत्रे आपल्याकडे येत, मुंबईच्या कारखान्यात डागडुजी होऊन भाड्याने दिली जात. जुना माल आपल्या गळ्यात का, म्हणून त्यावर टीकाही झाली. परकीय चलनविषयक कायद्यामुळे भागभांडवलाचा वाद होऊन १९७८ साली त्या कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि त्या कामावर आपले कितीतरी अभियंते तयार झाले. एकाचा जुना माल दुसऱ्याची शाळा होतो, तो असा.

'ठेवला तर पुढे किंमत येईल' असे म्हणणाराही एक वर्ग असतो. त्यांच्या तोंडी 'ॲपल-१'चे उदाहरण असते. १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला मिळणारा तो संगणक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. गोष्ट खरी आहे. पण ते संगणक बनलेच होते सुमारे दोनशे. त्यातलेही बरेचसे कंपनीने पुढच्या मॉडेलच्या बदल्यात परत घेऊन नष्ट केले. आपल्या घरातले पेंटियम लाखोंच्या संख्येने बनले. त्यांच्यावर नातवंडांचे शिक्षण होईल, ही आशा न धरलेली बरी. शिवाय यंत्र कापडात गुंडाळून ठेवले तरी म्हातारे होते. आतली बटणाएवढी बॅटरी संपते, कपॅसिटर सुकतात, हार्ड डिस्क एक दिवस फिरायची थांबते.

मग ठेवायचे ते काय? याचे उत्तर एका फसता फसता वाचलेल्या प्रयोगात आहे. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली राज्यातल्या जमीनजुमल्याची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' नावाचे दप्तर सिद्ध केले होते. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवे डूम्सडे तयार केले. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावांची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. सगळे लेझर तबकड्यांवर साठवले गेले. पण त्या तबकड्या वाचायला एक विशिष्ट संगणक आणि विशिष्ट यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचे चामड्यावरचे दप्तर जाणकाराला वाचता येत होते आणि काल-परवाच्या तबकड्या मुक्या होऊ लागल्या होत्या! २००२च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्या जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली लिहिली, तेव्हा तो मजकूर पुन्हा वाचता आला.

हे वाचताना मला आमचा संगणक आठवला, कारण मराठीची कथा तीच आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत पुण्याच्या सी-डॅकने आणि काही खासगी कंपन्यांनी मराठीला संगणकावर आणले, हे त्यांचे मोठे उपकार. पण तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट निराळा आणि त्याची सांकेतिक रचनाही निराळी. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की 'शके' लिहिलेल्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खिचडा दिसतो. युनिकोड रुळल्यावर ही अडचण मिटली. आता 'क'चा क्रमांक ०९१५, तो पुण्यात तोच आणि पॅरिसमध्येही तोच. पण त्याआधीचे लेखन जुन्या कुलपातच राहिले. कुलूप हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. अण्णांचा मराठी प्रोग्राम चालायला संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या खाचेत, डोंगल नावाची एक ठोकळी लावावी लागे. नव्या संगणकाला ती खाचच नाही.

म्हणजे गंमत पाहा. अण्णांनी मोडीच्या कुलपातून कागद सोडवले आणि दुसऱ्या कुलपात ठेवले. मोडी निदान तीन-चार पिढ्यांत विस्मरणात गेली. हे दुसरे कुलूप वीस वर्षांत गंजले.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे यातले शहाणपण आठवावे. ते गावोगाव पायपीट करत, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे शोधत. वाडा विकत घ्यायचा त्यांचा विचार नसे. वाड्यातला कागद त्यांना हवा असे. तो मिळाला की नकलून छापायचा, म्हणजे एका ठिकाणी नष्ट झाला तरी शंभर ठिकाणी उरेल. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड असे उभे राहिले.

मजकूर बाहेर काढण्याची गरज आणखी एका कारणाने असते. एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालल्या. पण पूर्णपणे पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांत लोकांची पत्रे, वैद्यकीय माहिती, क्रेडिट कार्डांचे क्रमांक. फाइल 'डिलीट' केली म्हणजे अनुक्रमणिकेतले नाव खोडले, एवढेच. पान तिथेच असते.

हा प्रश्न आज पुन्हा घरोघरी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि पुष्कळ धडधाकट संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स घालून तो शाळकरी पोराला द्यावा. हार्वेलवाल्यांनी तेच केले. अगदीच निकामी असेल तर ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावा, कारण जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. पण आधी मजकूर काढावा, मग डिस्क नीट पुसावी.

आम्ही काय केले ते सांगतो. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. भाच्याने हार्ड डिस्क बाहेर काढली, फाइली उतरवल्या आणि युनिकोडमध्ये बदलल्या. जोडाक्षरे विस्कटली, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटल्या. मी दोन महिने बसून त्या दुरुस्त केल्या. अकरा कागदांच्या फाइली उघडल्याच नाहीत. त्या अकरांसाठी आता मी मोडीच्या वर्गाला जातो, कारण मूळ रुमाल अजून घरात आहे. बाकीचे छापून तीन प्रती केल्या आणि तिन्ही तीन गावांत ठेवल्या.

मग डिस्क पुसली आणि पेटी संकलकाकडे गेली. डोंगल मात्र मी ठेवले आहे, रुमालाच्या गाठीत. त्याचा उपयोग काहीच नाही. पण पुढे कोणी विचारले की मजकूर हरवतो कसा, तर हातावर ठेवून दाखवता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)