गावाची आठवण कोण लिहिणार?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, आठही तालुक्यांतल्या माझ्या बहिणींना, मावश्यांना आणि आज्यांना नमस्कार. स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, हात कामात असले तरी कान मोकळे असतातच. आज मी आपल्याच भागाचा इतिहास सांगणार आहे. राजे आणि लढाया त्यात थोड्या येतील. पण मला बोलायचं आहे ते वेगळंच. आपल्या गावाची आठवण आजवर कोणी लिहिली, आणि यापुढे कोण लिहिणार?

सुरुवात नळदुर्गापासून करू. किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला तो आदिलशाहीत. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहायला लागले की आजही गाड्या भरभरून माणसं येतात. पण आपला हा भाग सात वर्षं इंग्रजांच्या हाती होता, हे कितीजणींना माहीत आहे? १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला. १८५७ चं बंड झालं, त्यात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला आणि १८६० मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला. या काळात नळदुर्गला कारभारी म्हणून आलेला साहेब म्हणजे फिलिप मेडोज टेलर.

हा टेलर लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो हिंदुस्थानात आला, निजामाच्या फौजेत चाकरीला लागला आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्यानं इकडेच काढलं. त्याला लिहायचा नाद होता. १८६३ मध्ये त्याची ‘तारा’ नावाची कादंबरी आली. तिची नायिका आपल्या तुळजापूरची, एक लहान वयात विधवा झालेली मुलगी. पुढे त्यानं स्वतःच्या आयुष्याची कहाणीही लिहिली. तो १८७६ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलीनं ते पुस्तक छापून आणलं. लिव्हरपूलमधलं बालपण आणि आपल्या नळदुर्गातला कारभार, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

माणूस कळवळ्याचा होता, हे कबूल. पण मैत्रिणींनो, विचार करा. ज्या काळात तो घोड्यावरून गावोगाव हिंडत होता, त्याच काळात या गावांत हजारो बायका दळत होत्या, पाणी वाहत होत्या, लेकरं वाढवत होत्या. त्यातल्या एकीनंही आपलं बालपण लिहून ठेवलेलं आपल्या हाती नाही. तुळजापूरच्या मुलीची गोष्टसुद्धा जगाला सांगितली ती साहेबानं, त्याच्या मनातून रचून.

आता दुसरी गोष्ट, आपल्या छोट्या गाडीची. साठीच्या पुढच्या बायकांना बार्शी लाइट रेल्वे आठवतच असेल. रूळ जेमतेम अडीच फूट रुंद. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, मग एक फाटा पंढरपूरला गेला आणि १९११ मध्ये गाडी येडशी, कसबे तडवळे, ढोकी, तेर, मुरूड करत लातूरला पोचली. म्हणजे बार्शीला इंग्रजांचा मुलूख सोडायचा आणि निजामाच्या मुलखात शिरायचं. गोरोबाकाकांच्या तेरहून विठोबाच्या पंढरपूरला नेणारी ही गाडी बायाबापड्यांना घरच्यासारखी वाटायची. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद भरली, तेही याच लाइनीवरचं गाव. २००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले, लाइन धाराशिव शहराला जोडली गेली. तोवर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वेच नव्हती!

याच कॅलथ्रॉपनं बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायर नावाच्या परगण्यात, तेवढ्याच अडीच फुटी रुळांची एक गाडी बांधली. डोंगराच्या घळीतून जाणारी, साधारण तेरा किलोमीटरची. १९०४ मध्ये सुरू झाली. तिथल्या गवळ्यांचं दूध या गाडीतून निघायचं ते पुढे लंडनपर्यंत जायचं. गाडी पुरी पडली नाही, १९३४ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळी मिळून तीस वर्षं धावली. पण त्या तीस वर्षांवर पुस्तकं निघाली, फोटो जपले गेले, रूळ काढले त्या जागेवर पायवाट केली आणि लोक आजही तिथून चालत जातात. आपली गाडी लातूरपर्यंत नव्वदहून जास्त वर्षं धावली. तिच्यात कोणाची बाळंतपणाला निघालेली लेक बसली, कोणाची वरात बसली, कोण ज्वारीचं पोतं घेऊन चढलं, हे कुठे लिहिलंय? ते फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे.

माझ्या मोठ्या आत्याबाई आता पंच्याऐंशी पार आहेत. आमचं गाव निजामाच्या राज्याच्या अगदी कडेला. बार्शीचा बाजार जवळचा, पण तो परमुलखात! आत्याबाई सांगतात, “बाजाराला जायचं म्हटलं की घरात आधी पैशाचा हिशोब व्हायचा.” कारण निजामाचा रुपया वेगळा, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया वेगळा, त्याला कलदार म्हणायचे. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. शाळेत पाय न ठेवलेल्या बायका हा हिशोब तोंडी करायच्या. हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा, म्हणजे जकातीचा. माल आणला की पैसे भरा. आत्याबाईंची आई बार्शीला नवं लुगडं घ्यायची आणि येताना जुन्या लुगड्यावरच नेसून यायची. नाकेदारानं विचारलं, “बाई, एवढी जाड कशी दिसतीस?” तर म्हणायची, “खाऊन-पिऊन सुखी हाय, दादा!” हे सांगताना आत्याबाई आजही पदर तोंडाला लावून हसतात.

कचेरीचे कागद उर्दूत, वरची शाळाही उर्दूत. आमच्या पणजोबांच्या जमिनीचा कागद घरातल्या एकालाही वाचता येत नव्हता. शेजारच्या चाचीचा नवरा तो वाचून दाखवायचा. त्या चाचीचं नाव आलं की मात्र आत्याबाईंचं हसू थांबतं.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. निजामानं भारतात यायचं नाकारलं. कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. त्याच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. माणसं रातोरात गाव सोडून बार्शी-सोलापूरच्या मुलखात गेली. हद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. आत्याबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. बैलगाडीत कडब्याखाली बसून गाव सोडल्याचं त्यांना आठवतं. घरातली भांडी चाचीनं आपल्या घरी नेऊन ठेवली होती. पुढे परतल्यावर तिनं एकूण एक वाटी मोजून परत दिली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरकडून आत आली आणि पहिल्याच दिवशी तिनं नळदुर्ग घेतला. १७ सप्टेंबरला निजामानं हैदराबाद रेडिओवरून शरणागती जाहीर केली. आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो याच दिवसाचा. तो आनंद खरा आहे, आणि त्यासाठी ज्यांनी जीव दिला त्यांचं ऋण मोठं आहे.

पण त्यानंतरचे दिवस भाषणात येत नाहीत. रझाकारांचा सूड निरपराध मुसलमान घरांवर निघाला. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानं पाहणी केली. सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. आत्याबाईंना अहवाल माहीत नाही. त्यांना एवढं माहीत आहे की त्यांच्या आईनं चाचीच्या दोन लेकींना चार रात्री आमच्या घराच्या बळदात लपवलं होतं. बळद म्हणजे भिंतीतलं धान्य साठवायचं कोठार. रात्री वरच्या तोंडातून भाकरी आत सोडायची. ही गोष्ट आत्याबाईंनी सत्तर वर्षं कोणाला सांगितली नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “कुणी इचारलंच न्हाई.”

मैत्रिणींनो, मी आज बोलते आहे ते या एका वाक्यामुळे. १९४८ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुली आता नव्वदीकडे निघाल्या आहेत. त्यांना विचारायला आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत. आणि फक्त आपल्याच घरात विचारून भागणार नाही. बळदाबाहेरच्या आजीला विचारायचं, तसं बळदाच्या आत बसलेल्या आजीलाही विचारायचं. रझाकारांच्या भीतीनं पळालेलीला आणि सप्टेंबरनंतर पळालेलीलाही. एकच बाजू लिहिली तर ती गावाची आठवण होत नाही, अर्ध्या गावाची होते.

हे काम बायकांना जमतं का? जमतं. ब्रिटनमध्ये खेड्यातल्या बायकांची एक मोठी संघटना आहे, विमेन्स इन्स्टिट्यूट. तिथलं तिचं पहिलं मंडळ १९१५ मध्ये वेल्समधल्या एका खेड्यात निघालं. जॅम, विणकाम, भाषणं, असं चालायचं. आपल्या महिला मंडळासारखंच म्हणा ना. १९६५ मध्ये संघटनेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा खेड्याखेड्यातल्या बायकांनी आपापल्या गावाची चिकटवही केली. फोटो, बाजारभाव, कपड्याचे तुकडे, शेतीची कामं, दुकानं, घरातलं सामान, सगळं त्यात आलं. तेव्हा कोणाला वाटलं असेल, यात काय विशेष? आज त्यातल्या कितीतरी वह्या तिथल्या दफ्तरखान्यांत जपून ठेवल्या आहेत आणि अभ्यासक त्या उघडून बसतात.

आपल्याकडे गावोगाव बचत गट आहेत. दर महिन्याला बैठक होते, हिशोबाची वही असते. तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवा. महिन्याला एका आजीला बोलवा. “तुमच्या वेळचं सांगा” असं मोघम विचारू नका, आजी म्हणेल, “काय सांगायचं बाई!” त्यापेक्षा बारीक विचारा. पाणी कुठून आणायचात? कोणाला कोणत्या विहिरीवर मनाई होती? पहिल्यांदा रेल्वेत कधी बसलात? जात्यावर कोण शेजारी बसायचं? लग्नात काय जेवण होतं? साल आठवत नसेल तर खुणेनं विचारा. पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होतात का? भूकंपाच्या वेळी धाकटा केवढा होता?

भूकंपाचं नाव निघालं म्हणून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सास्तूरसारखी आपल्या लोहारा-उमरगा भागातली गावं जमीनदोस्त झाली. पुढे बरीच गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते, ओळीनं घरं. जुन्या गावाची गल्ली, वाडा, पार आता जमिनीवर नाहीत. तिथल्या बायकांनी नुसता हातानं नकाशा काढला, कुठे आड होता, कुठे कासाराचं दुकान होतं, तरी ते गाव कागदावर परत उभं राहील.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, आजीचे शब्द तसेच लिहा. ‘व्हतं’ म्हणाली तर ‘होतं’ करू नका. दोन, तिला विचारल्याशिवाय कोणाला वाचून दाखवू नका. काही गोष्टींना नाव न घालता लिहिता येतं. मी आत्याबाईंना विचारलं, रेडिओवर सांगू का? त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, “सांग. पर चाचीनं वाट्या मोजून दिल्या, ते आधी सांग.”

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला वही घेऊन जा. पहिल्या पानावर गावाचं नाव, तारीख आणि पहिल्या आजीचं वय लिहा. पुढचं तिला सांगू द्या. नमस्कार.