मामाचे बॉक्स आणि मिरजेचा तंबोरा

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. लाकडी खोक्यातले, कापडी जाळीचे दोन जुने स्पीकर. खाली प्रश्न: 'हे घेऊ, की तेवढ्याच पैशात नवे घेऊ?'

उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं, की हे एका ओळीत मावणार नाही. त्यासाठी सांगलीच्या गावभागात, मामाच्या घरी जावं लागेल.

सातारा-सांगलीकडं मोठा आवाज म्हणजे 'डॉल्बी'. मिरवणुकीत छातीत धडधडणारी ती स्पीकरची भिंत. गंमत अशी, की रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि तिचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटालाच देऊन टाकलं. मामाचे बॉक्स मात्र डॉल्बीच्या बरोबर उलट जातीचे. एक खोली, दोन माणसं आणि हळू लावलेलं गाणं, एवढ्याचसाठी केलेले.

आज घराघरात असतो त्या जातीचा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी कोन. वीज आली की कॉइल हलते, कोन हवा ढकलतो, आवाज होतो. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे. तुमच्या ब्लूटूथच्या डबीतही बहुधा हेच आहे.

त्याच १९२५ साली रेकॉर्ड कंपन्या मायक्रोफोन वापरायला लागल्या. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यात हा फरक ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका भोंग्यात गाऊन केलेल्या, तर १९३०च्या दशकातल्या मायक्रोफोनसमोरच्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, आणि सगळं मोनो. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ साली. म्हणजे 'जुन्या गाण्यांसाठी जुनी स्टिरिओ जोडी' घेणारे आपण बरेचदा एकाच स्पीकरला पुरेल असं गाणं दोनांतून ऐकत असतो!

सुरुवातीला खोल खर्ज हवा तर खोकं कपाटाएवढं लागायचं. १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद छोट्या खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि स्पीकर पुस्तकांच्या फळीवर आला. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात खोक्याचं गणितच मांडलं. कुठल्या कोनाला किती लिटर हवा हवी, हे कागदावर काढता यायला लागलं.

आपल्याकडं १९९१च्या आधी परदेशी स्पीकर घरी येणं अवघड होतं. भारी आयातकर आणि परवाने आडवे यायचे. म्हणून त्या काळातल्या घरांत फिलिप्स, कोलकात्याची सोनोडाइन, कॉस्मिक अशी नावं दिसतात. मामानं १९८४ साली घेतलेली जोडी त्याच पिढीतली. मग नव्वदीत कॅसेटच्या डेकच्या खोक्यांवर हजारो वॅट 'पीएमपीओ'चे आकडे छापले जायला लागले. त्या आकड्यांना फारसा अर्थ नव्हता. आज तेही 'व्हिंटेज' म्हणून विकले जातात, तेव्हा नुसतं जुनं म्हणजे सोनं नव्हे.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मामानं वरच्या मजल्यावर आधी मामीची औषधं, कागदपत्रं आणि रेकॉर्ड नेल्या. बॉक्स खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर बघितलं, तर भुशाच्या फळीची खोकी भाकरीसारखी फुगलेली.

मामानं कोन दुरुस्त करून घेतले आणि सुताराकडून त्याच बाहेरच्या मापाची प्लायची खोकी करून घेतली. गाणं लावलं, तर खर्ज घुमायला लागला. सुताराची चूक नव्हती. प्लाय जाड होता, त्यामुळं आतली जागा कमी झाली, स्प्रिंग कडक झाली. थील आणि स्मॉल यांचं गणित मामाला असं भर दिवाणखान्यात कळलं. दुसऱ्यांदा आतलं माप धरून खोकी केली, तेव्हा कुठं मामा शांत बसला.

मामाची ही खटपट मिरजेत कुणालाच वेडेपणाची वाटली नसती. तिथं दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरजेत जुना तंबोरा कुणी टाकून देत नाही. तारा बदलतात, जवारी पुन्हा काढतात, भोपळ्याची चीर सांधतात. पण भोपळाच पिचला असेल, तर कारागीर तसं स्पष्ट सांगतो. जुनं वाद्य घेताना वय नंतर, आधी काय दुरुस्त होतं ते बघतात.

स्पीकरलाही हाच न्याय लावायचा. लोहचुंबक सहसा माणसापेक्षा जास्त टिकतो. कोनाभोवतीची फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होते, ओलाव्यात आणखी लवकर. रबराची किंवा कापडाची कड जास्त टिकते. आतले कपॅसिटर सुकतात. कड आणि कपॅसिटर, दोन्ही बदलता येतात. कॉइल जळली आणि तो भाग मिळत नसेल, तर मात्र ते खोकं शोभेचं.

अखेर मैत्रिणीला मी हे पाठवलं:

'स्पीकर कुठं ठेवला होता ते विचार. महाबळेश्वरच्या पावसातला आणि जतच्या कोरड्या हवेतला, दोन्ही सारखे नसतात. खोक्याच्या तळाला फुगवटा किंवा पाण्याची रेष बघ. दोन्ही अंगठ्यांनी कोन समान, हलकेच दाब. घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकली आहे. तुझं पाठ असलेलं गाणं लाव, आधी हळू, मग मोठ्यानं. आवाज फाटला तर सोड. ॲम्प्लिफायर लहान असेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघ: तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. दुरुस्तीचा खर्च किमतीत धर. जवळ दुरुस्तीवाला नसेल, किंवा खटपटीची हौस नसेल, तर नवे घे. वॉरंटी ही लाजायची गोष्ट नाही.'

तिनं विचारलं, 'मग मामांनी नवे का नाही घेतले?'

मी मामालाच विचारलं. तो म्हणाला, 'अगं, मामीला ऐकायला कमी येतं आता. या बॉक्सवर कुठलं गाणं कसं वाजायचं, हे तिला पाठ आहे. जे ऐकू येत नाही, ते ती आठवणीनं भरून काढते.'

मैत्रिणीनं शेवटी नवे घेतले. तिच्यासाठी तेच बरोबर होतं.